एका संगणकातील दोन कार्डांचा कलह

संगणकात जाळ्यासाठीचे एक कार्ड बसवले, ते उत्तम चालले. दुसरे बसवले आणि दोन्ही मुकी झाली, हा अनुभव १९९० च्या दशकात ज्यांनी संगणककक्ष उभारले त्यांना नवा नाही. अशा वेळी बहुधा नवे कार्ड सदोष ठरवून परत पाठवले जाई. बदली आलेलेही मुकेच निघे. वस्तुतः दोन्ही कार्डे निर्दोष असत.

एकाच संगणकात दोन कार्डे हवीत कशाला? एक कक्षातील संगणकांकडे तोंड करून असते, दुसरे बाहेरच्या जगाकडे. मधला संगणक द्वारपाल. तो अडला की सबंध कक्षाचा बाहेरचा संपर्क तुटतो.

कलह दोन गोष्टींवरून होई : हाक आणि पत्ता. कार्डाकडे मजकूर येऊन पडला की ते प्रोसेसरला हाक देते. या हाकेस इंटरप्ट म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘व्यत्यय’ हा शब्द योजतात. मला तो रुचत नाही, कारण येथे विघ्न कसलेच नाही. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.मध्ये हाकेच्या आठ वाटा होत्या. १९८४ च्या पी.सी. ए.टी.मध्ये दुसरी चिप जोडून त्या सोळा केल्या. त्यांतील एक त्या जोडणीतच खर्ची पडली. घड्याळ, कळफलक, डिस्क यांनी आपापल्या वाटा आधीच अडवलेल्या. त्या काळच्या आय.एस.ए. खाचांत संकेताची तार खालून वर चढते त्या क्षणीच हाक नोंदली जाई. एका कार्डाने तार चढवून धरली असता दुसऱ्याची हाक उमटतच नसे.

पत्त्याचा घोटाळा अधिक फसवा. एन.ई. २००० जातीचे कार्ड ३०० या पत्त्यापासून ३२ पत्ते व्यापते. शेजारी दुसरे कार्ड ३१० वर ठेवले तर वरवर दोघांचे पत्ते भिन्न दिसतात. पण हे आकडे सोळाच्या पायावरचे आहेत. ३०० आणि ३१० यांत अंतर अवघे १६. म्हणजे दुसरे कार्ड पहिल्याच्या अंगणातच उभे! मोकळी जागा ३२० पासून. ३६० निवडावा, तर प्रिंटरचा ३७८ हा पत्ता त्या विस्तारात सापडतो. मग तक्रार प्रिंटरची येते आणि कार्डाचा संशय कोणास येत नाही.

निदान करताना घाई नडते. यंत्र बंद करून एकच कार्ड ठेवावे. कारखान्यातून दोन्ही एकाच पत्त्यावर आलेली असतात, म्हणून दोन्ही खाचेत असताना फ्लॉपीवरचा मांडणीचा प्रोग्रॅम चालवला तर तोही गोंधळतो. पहिल्यास ३०० व वाट १०, दुसऱ्यास ३२० व वाट ११, असे एकेकास स्वतंत्रपणे नेमून द्यावे; मात्र त्या वाटा रिकाम्या आहेत हे आधी पाहावे. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या एक कार्ड सापडताच शोध थांबवीत. दुसऱ्याचा पत्ता आरंभीच सांगावा लागे. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांनी खाचा व तारा व्यर्थ तपासल्या.

१९९२ मध्ये आलेल्या पी.सी.आय. पद्धतीत तारेची चढती कडा नव्हे, तर तिची स्थिती पाहिली जाते. त्यामुळे एका वाटेवर दोघे नांदू शकतात. पुढे तर हाक तारेवरून न देता स्मृतीत लिहिलेल्या संदेशाने देण्याची सोय झाली, आणि हा कलह बहुतांशी मिटला. जुने आय.एस.ए. यंत्र अद्याप कोणी चालवीत असेल, तर त्याने नेमलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी.