मांजरीचे पिल्लू पाळताय? ऑपरेशनची वेळ चुकवू नका

आमच्या चाळीत उंदरांचा फार त्रास. तांदळाच्या गोणीला रोज नवे भोक पडायचे. म्हणून थोरल्या मुलाने एक मांजरीचे पिल्लू घरी आणले. मुलांनी तिचे नाव चिंगी ठेवले. महिन्याभरात ती घरातलीच एक झाली.

चिंगी पाच महिन्यांची असताना आम्ही तिला लस टोचायला नेले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आता हिचे ऑपरेशन करून घ्या." घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवाला एक वेत तरी होऊ द्या." आम्हालाही ते पटले. शिवाय शाळेची फी तोंडावर आली होती. बोनस मिळाला की पाहू, असे ठरवले.

मांजर काही बोनसची वाट पाहत नाही. सातव्या महिन्यात चिंगी माजावर आली, चार रात्री ओरडली आणि पाचव्या रात्री खिडकीतून पळाली. दोन महिन्यांनी पोटमाळ्यावर चार पिल्ले झाली. तिचे स्वतःचे वय जेमतेम नऊ महिने! दोन पिल्ले आठवड्यातच गेली. उरलेली दोन कुणीच घेईना. शेवटी एके पहाटे मुलांच्या वडिलांनी ती मंडईजवळ सोडली. त्या रात्री मुले जेवली नाहीत. चिंगी कितीतरी दिवस माळ्यावर चढून पिल्लांना हाका मारत होती. हा दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता, आमचाच होता. वाचक भगिनींच्या घरी असे घडू नये म्हणून हे लिहीत आहोत.

योग्य वेळ कोणती?

मांजर चौथ्या महिन्यापासूनच गाभण राहू शकते. म्हणून पाच महिने पूर्ण होण्याच्या आत ऑपरेशन करावे, असे आज पशुवैद्य सांगतात. पिल्लू अशक्त किंवा आजारी असेल तर डॉक्टर तपासून वेळ ठरवतील. मांजर माजावर आली की रक्त जात नाही, त्यामुळे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. मोठ्याने ओरडणे, जमिनीवर लोळणे, मागचा भाग उंच करणे, ही त्याची लक्षणे. गाभणपण साधारण ६३ ते ६५ दिवसांचे असते. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.

'एक वेत होऊ द्या' या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झाले तर पुढे स्तनाच्या गाठीचा धोका बराच कमी होतो. गर्भाशय काढल्याने त्यात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो.

बोक्याचे काय?

बोक्याचे ऑपरेशनही याच वयात करावे. ते लहान असते आणि जखम लवकर भरते. बोका मोठा झाला की जिन्यात, शेजाऱ्यांच्या दारात मुताच्या पिचकाऱ्या मारतो, त्यावरून भांडणे होतात. मारामारीतल्या चाव्यातून रोगही पसरतात. वेळेत ऑपरेशन केले तर या सवयी बहुधा लागतच नाहीत.

ऑपरेशनच्या वेळी

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. आधी किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नये. घरी आणल्यावर उबदार, शांत कोपऱ्यात ठेवा. दहा ते चौदा दिवस तिला टाके चाटू देऊ नका, आंघोळ घालू नका, बाहेर सोडू नका. जखम सुजली, त्यातून पाणी आले किंवा तिने खाणे सोडले, तर लगेच दवाखाना गाठा. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नका. माणसाचे ते औषध मांजरीचा जीव घेते. पुढे वजन वाढू लागले तर खाणे बेताने द्या.

खर्चाची चिंता आम्हालाही होती. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांकडे आधी चौकशी करा. मुंबईकरांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुने आणि माहितीचे आहे. चार पिल्लांचे दूध, औषध आणि मनाचा त्रास यांपुढे एका ऑपरेशनचा खर्च जड नाही.

दूध आटल्यावर चिंगीचेही ऑपरेशन झाले. आज ती ठणठणीत आहे, उंदीरही पकडते. परवा शेजारणीने नवे पिल्लू आणले, तेव्हा सासूबाईंनीच विचारले, "कितव्या महिन्यात आहे गं?" आपणही पिल्लू घरी आणाल त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या चौथ्या महिन्याची खूण करून ठेवा.