इंधनाची पिचकारी आणि मोटारीचें इंजिन

सकाळीं मोटार सुरू करावी, तों इंजिनानें बराच वेळ दाद देऊं नये. सुरू झालें तरी गाडी उभी असतां थरथरत राहावें आणि चढावर ऐन वेळीं कच खावी. अशा वेळीं मालक बहुधा पेट्रोलाला दोष देतो किंवा प्लग बदलून घेतो. परंतु पुष्कळदां दोष असतो तो बोटाएवढ्या एका उपकरणांत. त्यास इंजेक्टर म्हणतात.

इंजेक्टर ही वस्तुतः एक पिचकारीच होय. तिच्या टोकाशीं सूक्ष्म छिद्रें असून त्यांवर झडप असते. वीजप्रवाह मिळतांच आंतील विद्युच्चुंबक झडप उचलतो आणि दाबाखालचें पेट्रोल तुषाररूपानें बाहेर पडतें. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडरांत सेकंदाला २५ वेळां पेट्रोलाचा स्फोट व्हावा लागतो. यावरून या पिचकारीच्या चपळाईची कल्पना येईल. १९६७ सालीं फोक्सवॅगन १६०० या गाडींत बॉश कंपनीची अशी विद्युन्नियंत्रित योजना आली आणि पुढें कार्ब्युरेटर हळूहळू मागें पडला.

एक भार पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. हें प्रमाण दोन प्रकारें बिघडतें. इंजिन बंद केल्यावर त्याच्या धगीनें पिचकारीच्या टोकाशीं उरलेल्या पेट्रोलाचा हलका अंश उडून जातो व चिकट राळ छिद्रांत साचते. मग पेट्रोल अपुरें पडतें आणि ठिणगी पडूनहि मिश्रण पेटत नाहीं. उलटपक्षीं झडप नीट मिटली नाहीं, तर पेट्रोल ठिबकत राहतें. धूर काळा येतो, प्लगावर काजळी धरते आणि सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुपून झीज वाढते.

येथें एक विलक्षण गोष्ट घडते. बाहेर पडणाऱ्या वायूंतील प्राणवायु मोजून गाडींतील संगणक पेट्रोलाचें प्रमाण ठरवितो. परंतु सर्वसाधारण चार सिलिंडरांच्या गाडींत हे वायु एकत्र मिसळल्यावर मोजले जातात. पंगतींत एक पान वाढायचें राहिलें, म्हणून वाढप्यानें साऱ्या पंगतीला पुन्हां वाढावें, तसा हा प्रकार होतो. उपाशी राहिलेल्याचें पोट भरत नाहीं आणि इतर तिघांना अजीर्ण होतें. न जळलेलें पेट्रोल पुढें धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक पात्रांत जाऊन पेटतें व आंतील चिनीमातीची जाळी वितळूं शकते. हें पात्र फार महाग असतें. म्हणून समोरील फलकावरचा इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागल्यास गाडी दामटूं नये.

जाणता कारागीर संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरावर बसवून पाहतो. बिघाडहि त्याच्यामागोमाग तिकडे गेला, तर अपराधी सांपडला. जागच्या जागीं राहिला, तर शोध अन्यत्र करावा. राळ साचलेला इंजेक्टर साफ करून चालतो. झिजलेला बदलावाच लागतो. वेळीं एकाची दुरुस्ती केली, म्हणजे चौघांची हानि टळते.