इगतपुरीची गाडी, कानात जुनी गाणी
तबकडीपासून हाय-रेसपर्यंतच्या चटकदार गोष्टी

पाऊस लागला की मुंबई आणि नाशिक, दोन्हीकडची मंडळी इगतपुरीकडे धाव घेतात. भावली धरण, त्रिंगलवाडीचा किल्ला, स्टेशनातला गरमागरम वडापाव! मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि थळ घाटाची चढण सुरू होते. साधारण अर्ध्या तासाचा हा प्रवास. बोगद्यांमध्ये मोबाइलची रेंज गुल होते, म्हणून शहाणे प्रवासी गाणी आधीच उतरवून घेतात. गेल्या काही वर्षांत आपल्या संगीतातली जुनी ध्वनिमुद्रणं इतक्या सुरेख, स्वच्छ रूपात पुन्हा आली आहेत की हा अर्धा तास सोन्याचा होतो. त्या ध्वनिमुद्रणांमागच्या या गोष्टी, खास घाटासाठी.

साडेतीन मिनिटांत अख्खा राग

78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत तासभर राग मांडणारे गवई तेवढ्या वेळात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवून समेवर येत. नाटकात ‘वन्स मोअर’ घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद तबकडीवर आलं की तेही याच मापात. म्हणून त्या काळातली तबकडी ऐकताना एकही सेकंद वाया गेलेला सापडत नाही.

गाणं संपलं, आता नाव सांगा

नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकासमोर गाणं म्हटलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही पुकारलं. त्यामागे साधं व्यावहारिक कारण होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं, म्हणून ही हजेरी. पुढे कितीतरी कलावंतांनी असंच नाव पुकारलं.

लाखेच्या घरचं सोनं

जुनी तबकडी प्लॅस्टिकची नसे. लाख, दगडाची भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी यांचं ते मिश्रण. लाखेचा मोठा पुरवठादार आपला भारतच. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कमध्ये वाजणाऱ्या तबकड्यांतही आपल्या जंगलातल्या लाखेच्या किड्यांची मेहनत होती!

नाशिकचे बापूराव

इगतपुरीपासून तासाभराच्या अंतरावर नाशिक. तिथे 28 मे 1921 रोजी दत्तात्रेय विष्णू ऊर्फ बापूराव पलुस्कर जन्मले. वडील पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. बापूराव अवघे दहा वर्षांचे असताना वडील गेले. 1944 मध्ये बापूरावांची पहिली तबकडी निघाली, 1952 च्या ‘बैजू बावरा’त त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबत जुगलबंदी गायली आणि 1955 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 34 व्या वर्षी ते गेले. तबकडीवरची त्यांची कारकीर्द फक्त अकरा वर्षांची. तरी त्यांची भजनं आजही घराघरांत आहेत, ती त्या तबकड्यांमुळेच.

तबकडीने घर सोडायला लावलं

मिरजेला स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी एका लहान मुलाने तबकडीवर ऐकली आणि त्याला गाण्याचं वेड लागलं. 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे त्यांना गुरू लाभले ते सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य. त्याच गुरूंच्या स्मृतीसाठी भीमसेनांनी पुण्यात 1953 मध्ये सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. एका तबकडीचं हे देणं.

ज्यांचा आवाज उरलाच नाही

जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946) कोल्हापूर आणि मुंबईत गायले, त्यांनी मोठमोठे शिष्य घडवले. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. ग्रामोफोन भारतात आल्यावर खाँसाहेब चार दशकांहून जास्त काळ हयात होते, तरीही. आज त्यांचं गाणं ऐकायचं तर ते शिष्यांच्या गळ्यातूनच.

शिष्या मात्र अंतराळात!

त्यांच्याच शिष्या सूरश्री केसरबाई केरकर, गोव्याच्या केरी गावच्या. 1977 मध्ये ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत असलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. त्यात भारताकडून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. आज ते यान 2,400 कोटी किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. 2017 मध्ये हीच तबकडी एलपी संचाच्या रूपाने सामान्य श्रोत्यांसाठी निघाली आणि त्या देखण्या संचाला 2018 मध्ये ग्रॅमी मिळालं. केसरबाई ऐकण्यासाठी आता यान गाठायला नको.

चार-पाच फेऱ्यांनी पट्टी बदलते

नाव ‘78 फेऱ्यांची’, पण सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नसत. कुठली 75, कुठली 80. आता गणित पाहा. 78 ची तबकडी 82-83 फेऱ्यांनी फिरवली की सूर थेट एक पट्टी वर चढतो. काळी तीनचा गवई पांढरी पाचमध्ये ऐकू येतो, लयही पळते. म्हणून चांगलं पुनर्प्रकाशन करणारा आधी गायकाची पट्टी शोधतो, मगच वेग ठरवतो. एखादा ओळखीचा आवाज जुन्या कॅसेटवर विनाकारण पातळ वाटला असेल, तर खोट वेगात असू शकते.

भूप ऐका आणि घाट चढा

1948 मध्ये अमेरिकेत लाँग प्ले आली, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत. गवयांना जणू अंगण मिळालं. किशोरीताई आमोणकरांचा भूप याच एलपीमुळे घरोघरी पोहोचला. किशोरीताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, त्याही अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. कसाऱ्याहून गाडी सुटताना हा भूप लावावा. तो संपेपर्यंत घाटाची बरीचशी चढण सरलेली असते.

पंचवटीचं गाणं, आकाशवाणीचं देणं

नाशिकची पंचवटी रामायणातली. आणि मराठी माणसाचं रामायण ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं! 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या मुहूर्तावर, आकाशवाणी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक गाणं, अशी एकूण 56. आपण बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, आवाजातलं ऐकतो ते नंतर तबकड्यांवर आलेलं. मूळ मालिकेत माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक आवाज होते. दोन्ही रूपं शेजारी-शेजारी ठेवून ऐकण्यात निराळीच मजा आहे.

लंडनमध्ये लताबाई

1974 मध्ये लता मंगेशकर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. परदेशातली त्यांची ही पहिलीच मैफल. प्रास्ताविक केलं दिलीपकुमार यांनी. ते सगळं एलपीवर आलं. स्टुडिओतल्या लताबाई सगळ्यांना पाठ, इथे मात्र हजारोंच्या टाळ्यांसमोरच्या लताबाई भेटतात.

सूर जुळवले, टाळ्या पडल्या

1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्क, बांगलादेशच्या मदतीसाठीची मैफल. पं. रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा वाद्यं जुळवत होते. ते थांबले, तसा श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी एवढी आवडली, तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी हसून म्हणाले. हा प्रसंग मैफलीच्या तबकडीतही आहे आणि चित्रपटातही. मैफल कापछाट न करता जपली की असे क्षण हाती लागतात.

पडद्यावरचं गाणं

गवयाचे हात, मान, साथीदाराकडे टाकलेली नजर, हेही गाणंच. भीमसेनांवर गुलजार यांनी माहितीपट केला, कुमार गंधर्वांवर जब्बार पटेल यांनी ‘हंस अकेला’, तर किशोरीताईंवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी ‘भिन्न षड्ज’. 2006 मध्ये इंग्लंडात सुरू झालेला दरबार महोत्सव आज हिंदुस्थानी मैफली उत्तम प्रतीच्या कॅमेऱ्यांनी टिपतो. पहिल्या रांगेतही न दिसणारी तबलजीची बोटं त्यात मोबाइलवर दिसतात.

इगतपुरीतून जगभर गेलेला आवाज

1976 मध्ये इगतपुरीच्या टेकडीवर धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. सत्यनारायण गोयंका (1924–2013) यांच्या आवाजातल्या सूचना, पाली पठण आणि हिंदी दोहे यांची ध्वनिमुद्रणं आज जगभरच्या केंद्रांवर लावली जातात. दहा दिवसांच्या शिबिरात त्यांचं रोजचं प्रवचनही ध्वनिमुद्रित किंवा चित्रित स्वरूपातच असतं. गुरू गेल्यावरही शिकवण त्याच आवाजात, त्याच लयीत पोहोचते. ध्वनिमुद्रणाची ताकद पाहायला इगतपुरीकरांना लांब जायला नको.

44,100 हा आकडा आला कुठून?

1982 मध्ये आलेली सीडी दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेते. असा विचित्र आकडा का? सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने, 245 ओळी आणि सेकंदाला 60 वेळा. करा गुणाकार: 44,100! हाय-रेस म्हणजे त्याच्या पुढची पायरी, बहुतेकदा 24 बिट आणि 96,000 नमुने.

तबकडी धुतात कशी?

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तबकडी उजेडात तिरकी धरून चरे पाहतात. मग मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने, साध्या शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुतात. मधलं लेबल कोरडं ठेवायचं. स्पिरिट मात्र चुकूनही लावायचं नाही, कारण लाख त्यात विरघळते आणि त्याबरोबर गाणंही. नंतर योग्य जाडीची सुई निवडतात. 78 च्या तबकडीची खाच एलपीपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद, त्यामुळे एलपीची सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि खरखर वाढते. जाडी थोडी बदलली तरी खाचेचा न झिजलेला भाग सापडतो आणि आवाज एकदम उघडतो. संगणकाची पाळी या सगळ्यानंतर.

खरखर गेली, तानपुराही गेला

संगणकावर खरखर पुसणं सोपं, थांबणं अवघड. जास्त पुसलं की तानपुऱ्याचा झंकार, गवयाचा श्वास, सारंगीची धार सगळंच जातं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. उत्तम पुनर्प्रकाशनात थोडी खरखर शिल्लक असते. ती खुशाल असू द्या, गाणं जिवंत आहे.

पावसाचा खरा शत्रू: बुरशी

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. धबधब्यांना वरदान, कॅसेटला शाप! दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते आणि ती यंत्रात गेली की यंत्रही बिघडवते. काही जुन्या टेप तर चिकट होतात. त्या तज्ज्ञ मंडळी साधारण 50 अंशांवर काही तास शेकतात आणि लगेच उतरवून घेतात. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये मुळीच करू नये.

ऐकण्यापूर्वी एवढं करा

• घाटात शिरण्यापूर्वी गाणी उच्च दर्जाच्या पर्यायात उतरवून घ्या.
• शक्य तर तारेचे हेडफोन वापरा. साध्या ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवला जातो.
• अल्बमसोबत वर्ष, साथीदार, मैफलीचं ठिकाण दिलं आहे का ते पाहा. ही माहिती देणारा प्रकाशक आवाजाचीही काळजी घेतो, असा बहुधा अनुभव येतो.
• पावसात कुमार गंधर्वांचा ‘गीतवर्षा’ ऐकाच.

आता तुमची पाळी

ही सारी संपत्ती कंपन्यांइतकीच रसिकांनी जपली. पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाउसने मैफलींची ध्वनिमुद्रणं कॅसेटवर आणली. मुंबईत 1990 मध्ये तबकडी संग्राहकांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 2003 मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ काढून कलावंतांना स्वतःचं संगीत थेट श्रोत्यांपर्यंत नेण्याची वाट करून दिली. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आपण कायमचं गमावलं. तसं पुन्हा होऊ नये, हे आपल्याच हातात आहे. गावच्या उत्सवातली मैफल, आजोबांचं भजन, आजीच्या ओव्या असं काहीतरी तुमच्याही माळ्यावरच्या खोक्यात असेल. पुढचा पावसाळा लागण्याआधी तो खोका खाली काढा. प्रत्येक कॅसेटवर गाणाऱ्याचं नाव, साल आणि ठिकाण लिहा, जाणकाराकडून ती डिजिटल करून घ्या आणि मूळ फीत मात्र फेकू नका. आणि आवडत्या कलावंताचं चांगलं पुनर्प्रकाशन निघालं की ते विकत घेऊन ऐका. पुढची तबकडी त्याच पैशातून धुतली जाणार आहे.