व्हिएतनामची भरभराट व तेथील भातशेती

व्हिएतनाम देशांतून परदेशीं जाणारें कापड, जोडे व विजेचीं उपकरणें यांविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकिलें असेल. परंतु ह्या भरभराटीचा आरंभ कारखान्यांत झाला नाहीं. तो भाताच्या खाचरांत झाला. तो कसा, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

उत्तर व्हिएतनामांत १९६० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती सुरू करण्यांत आली. सर्वांनीं मिळून राबावें, हजेरीचे गुण मांडले जावेत आणि हंगामअखेर त्या गुणांप्रमाणें भात वांटून घ्यावें, अशी व्यवस्था होती. रोप नीट लाविलें काय किंवा चिखलांत कसेंतरी खोंचलें काय, गुण सारखेच! सुमारें ५ टक्के जमीन मात्र कुटुंबांना घरच्या लागवडीसाठीं दिलेली असे, आणि त्या तुकड्यांवर एकरीं उत्पन्न पुष्कळच अधिक येई. जमीन तीच, पाणी तेंच, माणसेंही तींच.

ही गोष्ट विन्ह फुक प्रांताचे पक्षचिटणीस किम न्गोक यांनीं हेरली व १९६६ सालीं जमीन कुटुंबांकडे कराराने कसण्यास दिली. पक्षाचे एक श्रेष्ठ पुढारी त्रुओंग चिन्ह यांनीं १९६८ मध्यें त्यांस दोष दिला आणि तो प्रयोग बंद पडला. किम न्गोक १९७९ मध्यें वारले. पुढें १९८६ मध्यें सुधारणांचा पुरस्कार करणाऱ्यांत हेच त्रुओंग चिन्ह अग्रभागीं होते, हें नमूद करण्याजोगें आहे.

१९८१ च्या जानेवारींत सरकारनें कुटुंबांशीं करार करण्यास मोकळीक दिली. ठरीव धान्य भरल्यावर उरेल तें कसणाराचें. पीक वाढलें, पण भरणाही वाढत गेला, तेव्हां उत्साह ओसरला. १९८६ मध्यें महागाई वर्षांत ७०० टक्क्यांहून अधिक झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचें धोरण ठरलें. १९८८ च्या आरंभीं उत्तरेंत अन्नाची टंचाई पडली. एप्रिलांत ठराव झाला कीं, शेतीचा घटक म्हणजे कुटुंब, व त्याजकडे जमीन १० ते १५ वर्षें राहावी. १९८९ मध्यें त्याच देशानें सुमारें १४ लाख टन तांदूळ बाहेर पाठविला! केवळ करारानें हें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. सुधारलेलें बी, खतें, मेकाँग नदीचें पाणी आणि मोकळे झालेले भाव यांचाही त्यांत वांटा आहे.

१९९३ च्या कायद्यानें वार्षिक पिकांच्या जमिनीस २० व झाडांच्या जमिनीस ५० वर्षांची मुदत मिळाली. ती जमीन वारसांस देतां येते, खंडानें लावतां येते, गहाणही टाकतां येते. मालकी मात्र शेतकऱ्याची नव्हे. कायद्याप्रमाणें ती सर्व जनतेची असून कारभार सरकारचा. त्यामुळें कारखान्यासाठीं जमीन गेली कीं मोबदल्यावरून तंटे उद्भवतात. १९९७ मध्यें थाय बिन्ह प्रांतांत करांचा भार व अधिकाऱ्यांची लांचखोरी यांमुळें शेतकऱ्यांनीं मोठी गडबड केली.

तरीही १९९३ मध्यें शंभरांत ५८ असलेले दरिद्री लोक १९९८ मध्यें ३७ वर आले, हें लहानसहान काम नव्हे. घरीं धान्य उरल्यावर कुटुंबांतील एकदोन माणसें शहरांत कामास जाऊं शकलीं. कारखान्यांना मजूर मिळाले ते असे. डोंगराळ भागांत कॉफीची लागवड तर इतकी वाढली कीं, व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल गणला जाऊं लागला. मग २००१ च्या सुमारास जगांत कॉफीचे भाव कोसळले, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं हातानें लाविलेलीं झाडें हातानेंच तोडलीं.