ताटातला भात कुठून येतो?

टिटवाळ्याला दूरदूरचे लोक महागणपतीच्या दर्शनाला येतात. आपण आज तिथल्या भाताकडे पाहू. श्रावणात काळू नदीच्या आसपासची खाचरे हिरवीगार दिसतात. पाऊस झाला, भात पिकला, म्हणजे अन्नाची चिंता मिटली, असे आपल्याला वाटते. पण तसे आहे काय?

भात शेतातून खळ्यावर येतो. मग कणगीत, गिरणीत, बाजारात, दुकानात आणि शेवटी चुलीवर. ही वाट कुठेही अडली तरी हंडी रिकामी राहते. या सगळ्या वाटेला अन्नव्यवस्था म्हणतात. ती चालू राहावी म्हणून आधीच हिशेब मांडायचा, याला नियोजन म्हणतात. त्यासाठी सरकार जी दिशा ठरवते, ते धोरण.

हिशेब चुकला तर काय होते? १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. ते म्हणाले, धान्य अगदीच संपले होते असे नव्हे. भाव भडकले आणि मजुराच्या हाती ते घेण्याइतका पैसा नव्हता.

आता दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. पिके बुडाली. सरकारने पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती अशी कामे काढली. लाखो बायामाणसे कामावर गेली. हाती मजुरी आली, बाहेरून धान्य आले. हाल फार झाले, पण बंगालसारखा अनर्थ टळला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पाऊस आपल्या हाती नाही. हिशेब मात्र आपल्या हाती आहे.

तोच हिशेब रेशनच्या दुकानात आहे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. कार्डावर ५ नावे असली, तर ५ पंचे २५ किलो. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. २०२३ सालापासून हे धान्य फुकट आहे.

दुकानात यंत्रावर बोट ठेवले की पावती निघते. ती मागून घ्या आणि वाचा. आता तुम्ही नुसते अंगठेबहाद्दर राहिला नाहीत! पावतीवर किती लिहिले आणि पिशवीत किती पडले, हे ताडून पाहा. कमी भरले तर भांडत बसू नका. शहरात शिधावाटप कचेरीत, गावात तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. त्याची पोच घ्या.

आणखी एक गोष्ट. आज पोटभर खायचे, पण नातवाचा घास मोडायचा नाही. याला शाश्वत विकास म्हणतात. टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आहे. वस्ती वाढली, इमारती उठल्या. माणसाला घर हवेच. पण भराव घालून बुजवलेले खाचर पुन्हा भाताला येत नाही. शिवाय खाचरात पावसाचे पाणी थांबते, मुरते. खाचर गेले की तेही गेले. म्हणून कोणती जमीन घरांना आणि कोणती पिकाला, हे आधी ठरले पाहिजे. विकायची वेळ आली, तर घरातल्या बायकांनाही विचारा. चूल त्याच सांभाळतात.

जी जमीन आहे, ती राखा. भात कापल्यावर उरल्या ओलीवर वाल, हरभरा टाका. त्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीचा कस वाढतो आणि ताटात कडधान्यही येते.

आम्हांला वाटते, गावाने वर्षातून एकदा बसून चार प्रश्न विचारावेत. यंदा किती पिकले? किती विकले? कुणाच्या घरी कमी पडले? किती जमीन पिकाखालून गेली? उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच वही उघडा. आपले गाव पुढे चालले की मागे, हे तुम्हांला कुणी सांगायला नको.