यवतमाळहून सॉफ्टवेअरकडे

यवतमाळ जिल्ह्यात अभियांत्रिकीची सोय जुनी आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक महाविद्यालय 1983 चे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा महाविद्यालय 1996 चे. 2018 मध्ये शासकीय महाविद्यालयही आले. मोठ्या कंपन्या मात्र पुण्यात, हैदराबादला किंवा जवळात जवळ नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहेत.

तिथवर पोहोचायचे तर अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत प्रोग्रॅमिंगची एकच भाषा पक्की करा. सी, जावा, पायथन, कोणतीही चालेल. चार भाषांची तोंडओळख मुलाखतीत टिकत नाही. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय परीक्षेपुरते वाचू नका, कारण फ्रेशरला प्रश्न बहुधा त्यांतूनच येतात.

महागडा क्लास लावण्याआधी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाहा. लिनक्स, पायथनचे छोटे धडे तिथे मराठीतूनही ऐकता येतात. एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रमही मोफत आहेत. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

सर्वांत महत्त्वाचा प्रोजेक्ट. तो विकत घेऊ नका, ही कळकळीची विनंती. बाजार समितीतल्या कापसाच्या आवक-भावाची नोंद ठेवणारे साधे ॲप स्वतः लिहा, गिटवर रोज बदल नोंदवा, दोन शेतकऱ्यांना वापरायला द्या. त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करताना जे शिकाल, ते मुलाखतीत अडखळल्याशिवाय सांगता येते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर याच प्रोजेक्टची माहिती मित्रासमोर इंग्रजीत सांगण्याचा सराव करा. कॅम्पस मुलाखती साधारण सातव्या सत्रात सुरू होतात. तयारी पाचव्यापासून हवी.