जानेवारीतला पडदा

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2002 साली सुरू झाला. पुण्यात त्याला सगळे 'पिफ' म्हणतात. डॉ. जब्बार पटेल यांच्या संचालनाखाली पुणे फिल्म फाउंडेशन आणि महाराष्ट्र शासन मिळून तो भरवतात. थंडी चांगली मुरली की, साधारण जानेवारीत, आठवडाभर शहरातल्या काही मल्टिप्लेक्समध्ये आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दिवसभर खेळ चालतात. अलीकडच्या वर्षांत चित्रपटांची संख्या दीडशेच्या आसपास असते. सकाळच्या पहिल्या खेळाला येऊन रात्रीच्या शेवटच्या खेळानंतरच घरी परतणारा प्रेक्षक रोज चार-पाच, म्हणजे आठवड्यात तीस-पस्तीस चित्रपट पाहतो. एक चित्रपट शंभर मिनिटांचा धरला तर ही पन्नास-साठ तासांची बैठक होते. एवढे करूनही महोत्सवाचा तीन-चतुर्थांश भाग पाहायचा राहूनच जातो.

असा प्रेक्षक एका वर्षात तयार होत नाही. त्याच्या घडणीची सुरुवात पुण्यात नव्हे, मुंबईत झाली. 24 जानेवारी 1952 रोजी भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. फिल्म्स डिव्हिजनने तो भरवला होता आणि 23 देशांनी त्यात भाग घेतला होता. मुंबईनंतर हे चित्रपट मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेले. परदेशी चित्रपट म्हणजे हॉलिवूड, अशी ओळख असलेल्या प्रेक्षकासमोर व्हित्तोरियो दे सिकाचे 'बायसिकल थीव्हज' आणि 'मिरॅकल इन मिलान' आले, रॉबेर्तो रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' आला. स्टुडिओबाहेरचे रस्ते, अभिनयाचे शिक्षण न घेतलेली माणसे आणि एका सायकलीवर तोललेले अख्खे कुटुंब मुंबईच्या पडद्यावर दिसले. या महोत्सवात 'बायसिकल थीव्हज' पाहून बिमल रॉय भारावले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एखाद्या महोत्सवाचा परिणाम इतका थेट क्वचितच दाखवता येतो.

महोत्सव कित्येक वर्षांनी एकदा यायचा; दुसरा थेट 1961 मध्ये भरला. मधल्या काळात जागतिक चित्रपट दाखवण्याचे काम फिल्म सोसायट्यांनी केले. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी 1947 साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. 1959 मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. मराठी मध्यमवर्गाला जागतिक चित्रपटाची सवय लावण्यात या मंडळाचा वाटा फार मोठा आहे. त्याच्या उभारणीतले सुधीर नांदगावकर पुढे मुंबईच्या 'मामी' महोत्सवाचेही संचालक झाले. पुण्यात आशय फिल्म क्लबने हीच परंपरा चालवली. वर्गणी भरायची, महिन्याचे पत्रक यायची वाट पाहायची आणि रविवारी सकाळी एखादा पोलिश किंवा हंगेरियन चित्रपट पाहायला जायचे, असा या सभासदांचा शिरस्ता होता. खुर्च्या अनेकदा टणक असत आणि पंखे मोजके. मात्र चित्रपट संपल्यावर त्यावर बोलायचे असते, ही शिस्त याच सभागृहांत रुजली.

पुण्याला आणखी एक सोय लाभली. कोल्हापुरात जन्मलेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'ची 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात खास दखल घेतली गेली. कंपनी बंद पडल्यावर त्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. संग्रहालयाचे पी. के. नायर देशी चित्रपटांची रिळे जमवत होते, तसेच जागतिक अभिजात चित्रपटांच्या प्रतीही मिळवत होते. या चित्रपटांच्या 16 मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांना मिळू लागल्या. इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर 'पथेर पांचाली'सारखा चित्रपट प्रसंगाप्रसंगाने उलगडून शिकवत. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांच्या रसास्वाद वर्गांतून शिक्षक, पत्रकार आणि बँकेत नोकरी करणारे हौशी रसिक असे नाना प्रकारचे लोक शिकून गेले. चित्रपटाविषयी मराठीत गंभीरपणे लिहिण्याची भाषाही याच वातावरणात घडली. इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अरुण खोपकर यांच्या 'चलत्-चित्रव्यूह' या पुस्तकाला 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'पिफ' सुरू झाला तेव्हा अशी नांगरलेली जमीन त्याला आयती मिळाली. महोत्सवातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पुरस्काराला 'प्रभात'चे आणि मराठी चित्रपटाच्या पुरस्काराला 'संत तुकाराम'चे नाव दिले आहे. या नावांमागे हा सगळा इतिहास आहे.

महोत्सवातले चित्रपट कोठून येतात, याचे उत्तर पंचांगासारख्या एका क्रमात सापडते. बर्लिनचा महोत्सव फेब्रुवारीत, कानचा मे महिन्यात, लोकार्नोचा ऑगस्टमध्ये, व्हेनिसचा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर आणि टोरांटोचा सप्टेंबरात होतो. तिथे गाजलेले चित्रपट नोव्हेंबरात गोव्याच्या 'इफ्फी' महोत्सवात, डिसेंबरात तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात आणि जानेवारीत पुण्यात पोहोचतात. म्हणजे पुण्याच्या वाट्याला वर्षभराची सुगी येते. काही चित्रपट वितरण कंपन्यांकडून शुल्क भरून मागवतात, काही वकिलाती आणि परदेशी सांस्कृतिक संस्थांमार्फत मिळतात, तर काहींचे निर्माते स्वतःच प्रवेशिका पाठवतात. निवड समितीचे सदस्य आधी कित्येक पट चित्रपट पाहतात, तेव्हा कुठे वेळापत्रक छापले जाते.

पूर्वी हे सगळे रिळांवर अवलंबून होते. 35 मिलिमीटरची फिल्म प्रक्षेपकातून मिनिटाला 90 फूट सरकते, त्यामुळे दोन हजार फुटांचे एक रीळ जेमतेम 22 मिनिटे पुरे. दीड तासाच्या चित्रपटाचे पत्र्याचे पाच-सहा जड डबे विमानाने येत, कस्टममध्ये अडकत आणि एका महोत्सवातून सुटले की लगेच दुसऱ्याकडे रवाना होत. आता चित्रपट हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो. त्याची डिजिटल किल्ली वेगळी पाठवतात. ती ठरावीक पडद्याच्या यंत्रावर आणि ठरावीक तासांपुरतीच चालते. किल्ली उशिरा आली तर डिस्क हातात असूनही पडदा कोराच राहतो. महोत्सवात ऐनवेळी खेळ बदलला की रांगेतले लोक वैतागतात. त्या बदलामागे बहुधा असे काहीतरी असते.

या चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम 9 नुसार केंद्र सरकार त्यांना महोत्सवापुरती सूट देते. म्हणून खेळाचे तिकीट विकले जात नाही. नाव नोंदवून, शुल्क भरून गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या प्रतिनिधीलाच आत प्रवेश मिळतो. एकेकाळी न कापलेली दृश्ये पाहायला मिळतील या आशेने महोत्सवाला गर्दी व्हायची, असे जुने रसिक सांगतात. ती गर्दी इंटरनेटने कधीच पांगवली. उरली ती चित्रपटासाठी रांगेत तासभर उभी राहणारी माणसे, आणि त्यांची संख्या काही कमी नाही. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुले, बाहेरगावाहून रजा टाकून आलेले लोक, इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी सगळे एकाच रांगेत असतात. 'काल काय पाहिलंत?' एवढ्या एका प्रश्नावर अनोळखी माणसांचा संवाद सुरू होतो. तिथे तोंडी मिळणारी शिफारस छापील माहितीपुस्तिकेपेक्षा भरवशाची असते. पुस्तिकेतल्या चार ओळींत प्रत्येकच चित्रपट हृदयस्पर्शी असतो.

आता पाहण्याच्या क्रियेकडे वळता येते. मराठी प्रेक्षक इराणी चित्रपट पाहतो तेव्हा कानावर फारसी, डोळ्यांपुढे इंग्रजी आणि मनात मराठी अशा तीन भाषा एकदम चालू असतात. उपशीर्षकाच्या दोन ओळी पडद्यावर पाच-सहा सेकंद टिकतात. तेवढ्यात त्या वाचून नजर पुन्हा चेहऱ्याकडे न्यावी लागते. पहिल्या दिवशी ही कसरत जाणवते. तिसऱ्या दिवसापर्यंत डोळा इतका सरावतो की आपण वाचत आहोत हेच लक्षात राहत नाही. मग कान मोकळे होतात. तेहरानमधल्या संवादांत 'बाजार', 'शहर', 'जमीन' हे शब्द ऐकू येतात, तुर्की चित्रपटात 'हवा' आणि 'दुनिया' सापडतात. शिवकाळाच्या आधीपासून मराठीत मुरलेल्या फारसी-अरबी शब्दांची ही दुसरी घरे अंधाऱ्या सभागृहात अचानक समोर येतात आणि परका चित्रपट एकाएकी निम्मा आपला वाटू लागतो.

अनेक चित्रपट पाठोपाठ पाहण्याचा खरा लाभ तुलनेत आहे. एकेकटा पाहिलेला चित्रपट गोष्ट सांगतो. चार देशांचे चित्रपट एका दिवसात पाहिले की गोष्ट सांगण्याच्या चार पद्धती दिसतात. लहान मुलाला मध्यभागी ठेवणाऱ्या चित्रपटांचेच उदाहरण घ्यावे. 'बायसिकल थीव्हज'मधला ब्रुनो बापाची मानहानी पाहतो. माजिद मजिदीच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (1997) भाऊ-बहीण बुटांचा एकच जोड आळीपाळीने वापरतात. फ्रान्स्वा त्र्युफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'च्या (1959) शेवटी समुद्राकाठी पोहोचलेला अँत्वान कॅमेऱ्याकडे वळतो आणि त्याची नजर तिथेच गोठते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. दोन्ही शेवटांत मूल पडद्यातून आपल्याकडे पाहते. फ्रेंच मुलाच्या नजरेत प्रश्न आहे, जब्याच्या दगडात जातिव्यवस्थेला दिलेला जबाब आहे. हे नाते कोणी समजावून सांगावे लागत नाही. जगभरातले असे शेवट पाहून सरावलेल्या डोळ्यांना ते आपोआप दिसते. शिवाय 'फँड्री' जगाच्या रांगेत किती ताठ उभा राहतो, तेही त्याच वेळी उमगते.

दुसरा लाभ संयमाचा. हंगेरीच्या बेला तार यांच्या 'द तुरिन हॉर्स'मध्ये (2011) सुमारे अडीच तासांत अवघे तीसेक शॉट आहेत. बाप आणि मुलगी उकडलेले बटाटे हातांनी सोलून खातात, बाहेर वारा घोंघावत राहतो. घरच्या पडद्यावर असा चित्रपट पाहताना हात पाचव्या मिनिटाला फोनकडे जातो. सभागृहात पळवाट नसते, शेजारचे तीनशे लोकही स्तब्ध बसलेले असतात. मग हळूहळू त्या वाऱ्याचा आवाज, खिडकीतला उजेड, घोड्याची खाली गेलेली मान हेच कथानक होऊन बसते. ओटीटीवर जग उपलब्ध असताना महोत्सव कशाला, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर अशाच चित्रपटांत आहे.

दमणूक मात्र होतेच. चौथ्या-पाचव्या दिवशी चित्रपट एकमेकांत मिसळतात. रुमानियातली नर्स आणि चिलीतली वकीलबाई एकाच घरात राहतात असे वाटू लागते. अनुभवी प्रतिनिधी म्हणूनच दोन खेळांच्या मध्ये वहीत चार ओळी टिपून ठेवतात, रोज निदान एक खेळ सोडतात आणि जड चित्रपटानंतर लगेच दुसरा जड चित्रपट लावत नाहीत. वेळापत्रक आखण्याचे कौशल्य स्वतंत्रच आहे. जो चित्रपट पुढे नक्की प्रदर्शित होणार तो गाळायचा आणि ज्याचे नावही ऐकलेले नाही त्याला पहिली पसंती द्यायची, हा जाणत्यांचा नियम. सिंहावलोकन विभागातला जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधीही ते सहसा सोडत नाहीत.

या पाहण्याचे पडसाद मराठी चित्रपटात उमटले. 2004 साली 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ने 2014 मध्ये बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाचा क्रिस्टल बेअर पटकावला. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिसमध्ये 'होरायझन्स' विभागाचा सर्वोच्च पुरस्कार आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कारही जिंकला. 2025 मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' सनडान्समध्ये जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. आलेल्या रिळांच्या बदल्यात महाराष्ट्रानेही जगाकडे काही पाठवले, असे या यादीवरून खुशाल म्हणता येते.

समारोपाच्या रात्री पुरस्कार जाहीर होतात आणि शेवटचा चित्रपट लागतो. दुसऱ्या दिवशी डिस्क खोक्यांत भरून पुढच्या गावी निघतात, किल्ल्यांची मुदत संपलेली असते, प्रमाणपत्रातून मिळालेली सूटही संपते. दीडशेतले बहुतेक चित्रपट पुण्याच्या चित्रपटगृहात पुन्हा लागत नाहीत. ते वह्यांमधल्या चार-चार ओळींत उरतात आणि सोसायटीच्या पुढच्या रविवारी त्यांच्यावर पुन्हा बोलणे निघते.